आधी गटार, मग घाट

डॉर्टमुंड,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

हसू नकोस. लहानपणी बाबा आपल्याला दिवाळीच्या सुट्टीत मामाला पत्र लिहायला बसवायचे तेव्हा पहिली ओळ हीच असायची. आज इतक्या वर्षांनी कागद पुढ्यात घेतला तर हात आपोआप तिकडेच गेला. मागच्या रविवारी फोन तू आपटलास की मी, यावर वहिनीचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. शेवटी तिला म्हटलं, पत्रच लिहिते. पत्र बोलत असताना मध्येच तोडता येत नाही, आणि आईलाही वाचून दाखवता येईल. (वहिनी, आईला तळ्यापासून पुढे वाच. त्याआधीचं भांडणाचं आहे.)

भांडण आधी नीट मांडून ठेवते, म्हणजे "मी असं म्हणालोच नव्हतो" हे तुझं नेहमीचं वाक्य यायला नको. तुझ्या इथल्या गिऱ्हाइकाने पुढच्या ऑर्डरीच्या मेलसोबत एक्सेलचा भलामोठा तक्ता पाठवला. युरोपात आता बाहेरून येणाऱ्या मालावर कार्बनचा कर आहे ना, त्यासाठी एक टन बोल्ट बनवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला ते लिहा म्हणून. मी म्हटलं, "त्यात काय, भरून टाक." तू म्हणालास, "यांनी दीडशे वर्षं धूर काढला, गब्बर झाले, आणि आता आमच्या दारात जकात नाका टाकून बसलेत." मग मी नको तिथे नदी मध्ये आणली. मुठेचं आपण काय करून ठेवलंय, आई या वयात मोर्च्यात चालते आणि तू तिची चेष्टा करतोस, वगैरे. त्यावर तू म्हणालास, "तिकडे बसून इकडची नदी धुऊ नकोस."

ते लागलं, कारण दादा, मी इथे पोटासाठी तेच करते. आमच्या खरेदी विभागातून भारतातल्या आणि तुर्कस्तानातल्या कारखान्यांना असेच तक्ते जातात. काही माझ्या नावाने जातात. तुला आलेला आमचा नव्हता, पण सगळे तक्ते एकाच साच्यातले. "Dear Supplier" म्हणून जे सुरू होतं त्याच्या पलीकडे भोसरीतला गाळा असतो, त्यात कुणाचा तरी दादा चष्मा कपाळावर चढवून बसलेला असतो, हे मला अकरा वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. आठ दिवस तेच डोक्यात आहे. म्हणून लिहिते. यातलं अर्धं तुझ्या बाजूचं आहे, हे आधीच सांगून टाकते.

आता तळं.

आमच्या घरापासून पंधरा मिनिटं चाललं की हर्डं म्हणून भाग आहे आणि तिथे फिनिक्स तळं आहे. मागे आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं तेच. आई म्हणाली होती, किती गं स्वच्छ, आपल्याकडे कधी होणार असं. सव्वा किलोमीटर लांब पाणी, शिडाच्या होड्या, काठावर काचेची पांढरी घरं, एका उतारावर चक्क द्राक्षांचा मळा. काठाशी एक प्रचंड लोखंडी भांडं उभं आहे, आपल्या घरातल्या माठाला दोन मजली केलं तर कसा दिसेल तसं. त्यात लोखंडाचा रस ओतून खालून हवा मारायचे आणि पोलाद करायचे. आता त्याच्यासमोर लोक लग्नाचे फोटो काढतात.

हे तळं मुळात नव्हतंच. तिथे १८४१ पासून लोखंडाचा कारखाना होता. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे. त्यांची हयात त्या कारखान्यात गेली. ते सांगतात, रात्री भट्टी ओतली की आभाळ लाल व्हायचं, आणि बायका आधी वारा कुठला आहे ते बघूनच धुणं वाळत घालायच्या, नाहीतर पांढरी चादर करडी व्हायची. १९६१ मध्ये विली ब्रांट नावाचे पुढारी निवडणुकीला उभे राहिले तेव्हा म्हणाले होते की रूरचं, म्हणजे आमच्या या कोळशा-पोलादाच्या मुलखाचं, आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे. लोकांनी चेष्टा केली. धूर आहे म्हणजे चूल पेटलेली आहे, असा हिशेब होता. ती निवडणूक ते हरले. (१९६१ म्हटल्यावर आईला काय आठवलं असेल ते मला इथूनही कळतंय. त्याच्यावर पुढे येते.)

२००१ मध्ये कारखाना बंद पडला. परवडेना. आणि पुढचं ऐक, कारण हे ऐकून तू टेबलावर हात आपटणार आहेस. तो कारखाना कुणी पाडला नाही. एका चिनी कंपनीने विकत घेतला. हजारभर चिनी कामगार इथे येऊन राहिले आणि त्यांनी अख्खा कारखाना सुटा केला, अडीच लाख टनांच्या घरात माल, आणि जहाजांत घालून यांगत्सेच्या मुखाशी नेऊन पुन्हा उभा केला. आजोबा तेव्हा रोज थर्मास घेऊन कुंपणाशी जाऊन उभे राहायचे. म्हणाले, "ती पोरं प्रत्येक तुकड्यावर रंगाने नंबर टाकत होती. बोल्ट काढला की पिशवीत, पिशवीवर नंबर. आम्ही तीस वर्षं ते पाने फिरवले होते, आम्हाला नंबर लागत नव्हते."

मग रिकाम्या खड्ड्यात २०१० मध्ये पाणी सोडलं आणि तळं झालं.

म्हणजे आईने ज्याचं कौतुक केलं ते पाणी कसं स्वच्छ झालं? भट्टी उचलून दुसऱ्याच्या अंगणात ठेवली म्हणून. पोलाद वापरायचं काही इथे कुणी बंद केलं नाही. आज जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद चीन बनवतो, दुसरा नंबर आपला. मोटारी, पूल, पवनचक्क्यांचे खांब इथे लागतातच, फक्त चादर आता दुसऱ्या कुणाची तरी करडी होते. काठावरच्या त्या पांढऱ्या घरांत त्या कारखान्यातल्या कुणाचं कुटुंब राहत असेल असं मला वाटत नाही. आम्हा दोघांच्या पगारातही ती बसत नाहीत.

तुझ्या तक्त्याची गोष्ट आजोबांना सांगितली. खोकला लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "त्यात आमच्या एकशेसाठ वर्षांचा रकाना कुठे आहे?"

तेव्हा दादा, जकात नाका हा तुझा शब्द मी मान्य केला आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जर्मनीत सातच्या आसपास, आणि माझा त्याहूनही जास्त असणार, कारण मी दरवर्षी विमानाने तुम्हाला भेटायला येते. तू अजून ती जुनी ॲक्टिव्हा वापरतोस आणि वहिनी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीला लावते. तरी तक्ता तू भरायचा. आणि यातून जो पैसा गोळा होणार तो युरोपच्याच तिजोरीत, आपल्याकडची एक भट्टी सुधारायला त्यातलं काही येईल असं कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही. २०२३ च्या जानेवारीत इथून शंभरेक किलोमीटरवर ल्युत्सेराथ नावाची वाडी पोलिसांनी रिकामी केली, जमिनीखालचा तपकिरी कोळसा काढायचा होता म्हणून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युरोपने आपल्यासारख्यांकडून कार्बनचे आकडे मागायला सुरुवात केली. एका हाताने जपमाळ, दुसऱ्या हाताने फावडं.

इथपर्यंत तुझं. आता माझं.

या तळ्याच्या कडेने एमशर नावाची नदी जाते. नदी कसली, आपला आंबील ओढा बरा इतकीच रुंद. शंभर वर्षांहून जास्त काळ ती या सगळ्या मुलखाचं उघडं गटार होती. इथले लोक तिला जे नाव ठेवायचे त्याचं सभ्य भाषांतर 'लेंड्यांचा ओढा' असं होईल. का उघडं ठेवलं, तर खाली कोळशाच्या खाणी. खाण पोखरत गेली की वरची जमीन खचायची आणि जमिनीत पुरलेले मैल्याचे नळ फुटायचे. म्हणून मग नदीलाच काँक्रीटच्या चरात घातलं आणि गावोगावचा मैला, कारखान्यांचं पाणी, सगळं तिच्यात सोडून दिलं. एक नदी सोडली आणि कोळसा घेतला. सौदा म्हणून तो त्यांना परवडला, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे हा सौदाही त्यांनी पद्धतशीर केला. १८९९ मध्ये काठावरची गावं, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एक संस्था काढली, कायद्याने बांधलेली. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखी समज, फक्त उसाच्या जागी मैला. जो घाण सोडेल त्याने वर्गणी भरायची. ती संस्था अजून आहे. खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन खचायची थांबली, तेव्हा १९९२ मध्ये तिने ठरवलं की आता नदी परत नदी करायची. तीस वर्षं लागली. साडेपाच अब्ज युरो लागले, आजच्या भावाने पन्नास हजार कोटी रुपयांच्या वर. डॉर्टमुंडपासून ५१ किलोमीटरचा मैल्याचा बोगदा जमिनीखाली नेला, शुद्धीकरणाची केंद्रं बांधली. २०२१ संपता संपता नदीत मैला जायचा थांबला.

यात मला जे शिकण्यासारखं वाटतं ते फार साधं आहे. ज्या ओढ्यातली घाण थांबली, त्याचंच काँक्रीट फोडायचं. त्याआधी काठाला हात नाही. बाकं, सायकलचे रस्ते, झाडं, सगळं मागून. आणि काठ करताना नदीला जागा वाढवून दिली, बांध मागे सरकवले, म्हणजे पूर आला तर पसरायला मैदान राहील. एका उपनदीच्या कोपऱ्यात एक बोटभर लांबीचा मासा कसाबसा जगून राहिला होता, तो पुन्हा मुख्य नदीत सोडला. आजोबा मला तो दाखवायला दोनदा घेऊन गेले. दोन्ही वेळा दिसला नाही. तो मातीच्या रंगाचा आहे आणि दगडाखाली बसतो, त्यामुळे दिसला नाही तरी आहे असं धरायचं, हे त्यांचं म्हणणं.

आता मुठेकडे बघ. मैलापाणी अडवायला जपानच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रांची योजना, ती २०१६ ची. नदीकाठ सुधारण्याचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प, त्याची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये. मागून आलेल्याच्या पायऱ्या आणि फरशा बंडगार्डनकडे आधी दिसायला लागल्या. मागच्या मे महिन्यात तू मला हौसेने तिथे घेऊन गेला होतास. नवे दगडी काठ खरोखर देखणे होते, मी नाही म्हणत नाही. पण तू स्वतः नाकाला रुमाल लावून मला ते दाखवत होतास, आठवतं का?

तुझं म्हणणं असं की काठ झाला की लोक येतील, जमिनीला भाव येईल, त्या पैशातून मैलाही थांबेल. जमिनीला भाव येतो हे खरंच आहे, तळ्याकाठी मी ते बघतेय. पण इथे तो भाव घाण थांबल्यावर आला. शिवाय आपली नदी वेगळी. उन्हाळ्यात खडकवासल्याच्या खाली तिच्यात आपल्या सांडपाण्याशिवाय फारसं काही वाहत नाही, आणि जुलैत धरणाचे दरवाजे उघडले की तीच भिडे पूल पोटात घेते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत माणसांना बोटीतून काढावं लागलं. अशा नदीला काठ बांधून आवळायचं म्हणजे मला भीती वाटते. इंजिनिअरांनी हिशेब केले असतीलच. आजीच्या वेळीही केले होते.

तर १९६१. आजीची ती गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली की तिचा अर्थच निघून गेला होता. १२ जुलैची सकाळ, पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, ओंकारेश्वरापाशी आपल्या वाड्यात पाणी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला लागलं. आजीने काय वाचवलं, तर देव्हारा आणि शिवणाचं मशीन. पाणी ओसरल्यावर गाळात रुतलेला पितळी पिंप सापडला तो अजून आपल्या बाल्कनीत आहे. आणि मग पूरग्रस्त म्हणून गोखलेनगरला खोली मिळाली. मला आता आठवतो तो तिच्या गोष्टीचा शेवट: "धरण आपल्यासाठीच बांधत होते गं." पुण्याला पाणी हवं होतं, शेतीला हवं होतं, घाईने भरलं. त्या पानशेतचंच पाणी आपण आजही पितो, हेही तितकंच खरं. धरण नको होतं असं आजी कधी म्हणाली नाही.

आणि आईचं आजोळ. तिच्या आजोबांची भातखाचरं मुळशीच्या धरणाखाली गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळे तिथे सत्याग्रहाला बसले तेव्हा आईचे आजोबा विशीतले पोर होते. त्या पाण्यावर वीज झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. आपल्याला तरी कुठे वाईट वाटतं? मुंबई उभी राहिली, मामा तिथेच गिरणीत लागला. आता मजा बघ. इथल्या हिशेबात पाण्यावरची वीज म्हणजे स्वच्छ, धूर शून्य. मी ऑफिसात कुणाच्या तक्त्यात जलविद्युत असं वाचते तेव्हा 'शून्य' लिहून पुढे जाते. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा थांबले. बुडालेल्या खाचरांचाही रकाना नाहीच की त्यात.

तू म्हणशील, म्हणजे तू काय सांगतेस, धरण नको, रस्ता नको, कारखाना नको? नाही रे. तुझ्याकडच्या बावीस माणसांतली निम्मी लातूर-बीडकडची आहेत. हेडिंग मशीनवरचा तो मुलगा मला म्हणाला होता की गावी तीन वर्षं विहिरीला पाणी नाही, इथे निदान महिन्याच्या सातला पगार आहे. त्याला टेकडी वाचवा म्हणून सांगायला माझी जीभ उचलणार नाही. पण वेताळ टेकडी फोडून रस्ता काढायचं घाटत होतं म्हणून आई २०२३ च्या एप्रिलमध्ये मोर्च्यात चालली आणि नंतर नदीसाठीही चालली, तेव्हा तू जेवणाच्या टेबलावर तिला 'विकासविरोधी' म्हणालास. बायकोला आवडलेली साडी महाग वाटली तरी माणूस जरा बरा शब्द शोधतो. ती गोखलेनगरातून रोज पहाटे टेकडी चढते, तिला गुडघ्याचं औषध त्याच्यामुळे कमी लागतं, आणि लॉ कॉलेज रस्त्यावर तुझी वीस मिनिटं जातात हेही तिला ठाऊक आहे. तिचं म्हणणं इतकंच की आधी बसगाड्या वाढवा, मग डोंगर फोडायचं बोला. यातही क्रमच आहे बघ. गेल्या दोन वर्षांत मला तिचं एकही म्हणणं असं आठवत नाही की ज्यात ती 'नकोच' म्हणाली. ती 'आधी काय' एवढंच विचारते.

एक शेवटची गोष्ट इथली, मग तुझ्या तक्त्याकडे येते. रूरमधली कोळशाची शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. पण दीडशे वर्षं पोखरून काही ठिकाणी जमीन वीस मीटरच्या वर खाली गेली आहे. आजूबाजूच्या नद्या उंचावर आणि गावं खड्ड्यात. म्हणून इथे रात्रंदिवस पंप चालू असतात, पावसाचं आणि खाणीतलं पाणी उपसायला. बंद केले तर हळूहळू गावंच्या गावं तळ्यात जातील. या कामाला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ 'अनंतकाळची कामं', आणि हा शब्द कुणा कवीचा नाही, सरकारी कागदावरचा आहे. त्यासाठी वेगळी ठेव बाजूला काढून ठेवली आहे. आम्ही राहतो तिथेही खाली कुठेतरी एक पंप चालू असणार. रात्री जाग आली की मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न करते. फ्रीजच ऐकू येतो.

आता तुझं काम. भीतीचं वाटलं तरी तसं नाही. बोल्ट आणि नट युरोपच्या या कार्बन-कराच्या नियमात येतात, म्हणून तुझ्याकडे मेल आला. यंदाच्या जानेवारीपासून नुसता आकडा देऊन भागत नाही, गिऱ्हाइकाला त्याचे पैसे मोजावे लागणार आहेत. वर्षाला ५० टनांच्या आत माल आणणाऱ्याला सूट आहे, पण तुझं गिऱ्हाईक तुझ्यासारख्या पाच जणांकडून उचलतं, त्याला ती मिळणार नाही. तू आकडे दिले नाहीस तर ते ठोकताळ्याचे आकडे लावतात आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले असतात. मग पुढच्या वेळी तो तुझा भाव पाडायला बघेल, नाहीतर दुसरीकडे जाईल. म्हणून आकडे द्यायचे.

पण घाबरू नको, तुझ्या गाळ्यात होतं ते, म्हणजे वायर रॉड (मिलमधून येणारी ती जाड पोलादी तार) तोडणं, थंड ठोकणं, आटे पाडणं, यात धूर नगण्य आहे. सगळा बोजा वायर रॉडमध्ये आहे. कोकवर चालणाऱ्या झोतभट्टीतून एक टन पोलाद काढायला दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड जातो. भंगार वितळवून केलं तर त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे तुझा आकडा तुझ्या हातात नाहीच, तुझ्या मिलच्या हातात आहे. (आणि ऐक, पोलादाच्या मालाला विजेचा धूर सध्या पैशात धरतच नाहीत. तू लाइट बिलांची फाइल लावत बसला होतास ना वहिनीला घेऊन दोन रात्री? आधी मला विचारायचंस.)

तेव्हा तुझ्या रॉडच्या डीलरला गाठ. तो उडवून लावेल. म्हणेल असलं काही मिळत नाही. त्याला सांग की मिल स्वतः युरोपला माल पाठवते, तिच्याकडे हा आकडा असलाच पाहिजे. एकट्याने गेलास तर चहा पाजून परत पाठवतील. भोसरीतले आणि चाकणचे तुम्ही दहा-बारा बोल्टवाले मिळून गेलात तर देतील. तुमच्या संघटनेची दर महिन्याला जेवणं होतात, त्यातलं एक याच्यासाठी खर्ची घाला.

आमच्या ऑफिसातही मी एक केलं. गेल्या गुरुवारच्या मीटिंगमध्ये म्हटलं की छोट्या कारखान्यांना पाठवायचा तक्ता चार रकान्यांवर आणूया, बाकीची माहिती आपणच मिलकडून मागवूया, कारण खरेदीदार म्हणून आपल्याला ती मिळते, त्यांना मिळत नाही. माझा साहेब म्हणाला, विचार करू. इथेही 'विचार करू'चा अर्थ आपल्याकडचाच आहे. पण पुढच्या महिन्यात पुन्हा काढणार आहे. तुझं नाव घेतलं नाही, फक्त "भोसरीतला एक सप्लायर" म्हटलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय. आल्यावर एका रविवारी मला विठ्ठलवाडीपासून ओंकारेश्वरापर्यंत नदीच्या काठाकाठाने जमेल तेवढं चालायचं आहे, तू आणि मी. जिथे जिथे नाला नदीत उतरतो तिथे थांबायचं आणि मोजायचे. लहानपणी पतंग कापले गेले की आपण त्याच काठाने धावायचो, तेव्हा किती होते ते आठवतं का बघ. आईला नेऊ नये, तिला वास सोसत नाही, पण ती ऐकायची नाही. रुमाल तीन घे.

आईला सा. न., वहिनीला नमस्कार, चिनूला आत्याचा पापा. तिच्यासाठी आजोबांनी कारखान्यातला एक जुना बोल्ट दिला आहे. जहाजात जायचा राहिलेला. जड आहे, हॅंडबॅगेतून आणू देतात का बघते.

तुझी,
मनू

ता. क. : पत्र पोचायला पंधरा दिवस लागतील, तोवर थांबू नकोस. मागच्या तीन लॉटची मिल टेस्ट सर्टिफिकेटं काढून भट्टीच्या ओतीचा हीट नंबर दिसेल असा फोटो मला व्हॉट्सॲप कर. भांडण चालू असलं तरी कर.